अंगठा द्या, पण पावती घ्या

आपल्या अनेक कारागीर बांधवांची सरकारी व बँकेची कामे आता गावातल्या सेवा केंद्रातून होतात. अर्ज केंद्रचालक भरतो आणि आपण ओळखीवर विसंबून अंगठा ठेवतो. या विश्वासाशिवाय ज्याला फोन हाताळता येत नाही त्याला या सोयी मिळाल्याच नसत्या. पण न वाचता अंगठा देण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने पूर्वी मोजली आहे.

१८७५ साली पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. पारनेर, श्रीगोंदे भागातही हे लोण पोहोचले. लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. रोखा लिहिणारा एक, निशाणी करणारा दुसरा, आणि निशाणी करणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्ज फेडणाऱ्याला लेखी पावती व हिशेबाचे पासबुक मागण्याचा हक्क दिला.

आज रोख्याच्या जागी यंत्र आले आहे. आधारच्या ठशाने अर्जदाराची ओळख पटते, तशीच खात्यातून रोख रक्कमही निघते. लोहारकाम, गवंडीकाम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते पटकन घेत नाही. "लागला नाही, पुन्हा ठेवा" हे म्हणणे बहुतेक वेळा खरे असते. अप्रामाणिक माणसाला मात्र तेवढीच आड पुरते.

म्हणून आम्ही सुचवतो : अंगठा कशासाठी, हे आधी विचारा. यंत्राचा पडदा आपल्याकडे वळवून घ्या. व्यवहार फसला तरी त्याची पावती मागा. मोबाइलवर आलेला आकडा सांगण्यापूर्वी तो संदेश कोणाकडून तरी वाचून घ्या. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. रक्कम परस्पर गेल्याचे दिसताच १९३० या क्रमांकावर तक्रार करा व बँकेला कळवा. काम नसेल तेव्हा आधारचे ठसे कुलूपबंद करून ठेवण्याचीही सोय आहे.

केंद्र चालवणाऱ्या आपल्या बांधवांनाही एक सांगणे. दरफलक दर्शनी लावा, पावती न मागता द्या. गिऱ्हाइकाचा अंगठा ही अमानत आहे. ती सांभाळणाऱ्याच्या दुकानात शेजारचे गावही येते.