पानावरचा प्रत्येक डाग रोगाचा विजय नसतो

जानेवारीत गव्हाच्या पानावर ठिपके दिसले की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तांबेरा आला, म्हणजेच गेरवा आला, असं धरून लगेच फवारणीचा पंप पाठीवर चढतो. त्याआधी त्या पानावर एकदा बोट फिरवून पाहा.

गैरसमज : झाडाला प्रतिकारशक्ती नसते, ते रोग मुकाट्याने सोसतं.
वस्तुस्थिती : झाडात रक्त नाही, त्यातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, प्रतिपिंडंही नाहीत. म्हणून प्रत्येक पेशी स्वतःचा पहारा स्वतः करते. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, झाडात ते नसतं. त्याचे तुकडे जाणवले की पेशी आपली भिंत जाड करते आणि बुरशीला मारक रसायनं तयार करते. बहुतेक बुरशी इथेच अडतात.

गैरसमज : डाग पडला म्हणजे झाड हरलं.
वस्तुस्थिती : तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशींवर जगते. प्रतिकारक वाणात ती शिरली की तिथल्या पेशी स्वतःहून मरतात आणि बुरशीची उपासमार होते. मागे उरतो टाचणीच्या टोकाएवढा फिकट, कोरडा ठिपका. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅकमन यांनी 1915 मध्ये या प्रतिक्रियेला ‘अतिसंवेदनशीलता’ म्हटलं. रोगाला बळी पडणाऱ्या वाणात मात्र पुटकुळ्या फुटतात आणि बोटाला नारिंगी-विटकरी भुकटी लागते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. भुकटी नाही, पण डाग रोज वाढतोय, तर तो करप्यासारखा दुसरा रोग असू शकतो.

गैरसमज : एका पानावरचा हल्ला बाकीच्या पानांना कळत नाही.
वस्तुस्थिती : 1961 मध्ये शास्त्रज्ञ रॉस यांनी तंबाखूच्या काही पानांना विषाणूची लागण केली. नंतर त्याच झाडाच्या निरोगी पानांना लागण केली, तेव्हा तिथे डाग कमी आणि लहान पडले. पहिल्या हल्ल्याने सारं झाड सावध झालं होतं. या सावधपणासाठी सॅलिसिलिक आम्ल लागतं, हे पुढे कळलं.

गैरसमज : प्रतिकारक वाण एकदा घेतलं की कायमची निश्चिंती.
वस्तुस्थिती : बुरशीही बदलते. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या ‘एसआर 31’ या जनुकाने खोडावरचा तांबेरा अनेक वर्षं रोखला. युगांडात सापडलेल्या, 1999 मध्ये नोंद झालेल्या ‘यूजी 99’ या त्याच बुरशीच्या प्रकाराने ती भिंत भेदली. म्हणूनच महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी वाणं सतत तपासावी लागतात.

गैरसमज : भरपूर युरिया दिला की पीक रोगाला पुरून उरतं.
वस्तुस्थिती : जादा नत्राने पीक हिरवंगार दिसतं, पण पानं लुसलुशीत आणि दाट होतात. तांबेऱ्याला तेच हवं असतं.

गहू आपली लढाई लढतोच. शिफारशीचं वाण वेळेवर पेरा, युरियाला आवर घाला. आणि फवारणीचा निर्णय बोटाला भुकटी लागते का, हे पाहूनच घ्या.