लाकडी रिव्हॉल्व्हर

मुंबईहून गोव्याकडे निघालेला महामार्ग कोलाडच्या आंबेवाडी नाक्यावर येतो आणि तेथून एक फाटा उजव्या हाताला रोह्याकडे वळतो, त्या वळणाच्या आसपास वडापाव, मोटारींचे सुटे भाग, सुकी मासळी आणि अलीकडे कुंडलिकेवरच्या नौकाविहाराच्या पाट्या अशा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टींची जी दाटी झालेली आहे, तिच्यातच एक पत्र्याचा ठेला आहे. गटई कामगारांना सरकारी योजनेतून मिळणारे असे स्टॉल महाराष्ट्रात जागोजाग दिसतात. हा त्यांपैकीच एक. आत बसणारे गृहस्थ सत्तरीच्या घरातले असून नाक्यावरची सारी मंडळी त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दिवसभर ते चपलांचे अंगठे शिवतात, मुलांच्या दप्तरांच्या चेन बसवतात, मृगाच्या तोंडावर छत्र्यांच्या काड्याही नीट करून देतात. परंतु वर्षातून चारदोन वेळा त्यांच्याकडे असे एक काम येते, की त्या दिवशी ते अंगठ्यांची गिऱ्हाइके उद्यावर ढकलतात आणि ठेल्याचे अर्धे दार ओढून घेतात. ते काम म्हणजे रिव्हॉल्व्हरचे चामडी घर. ज्याला इंग्रज होल्स्टर म्हणतो त्याला काका ‘कव्हर’ म्हणतात. गिऱ्हाईक बहुधा ‘पाकीट’ म्हणते, आणि ते ऐकून काकांच्या कपाळाला एक बारीकशी आठी पडते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी असे एक काम आले असता मी तेथे जाऊन बसलो. गिऱ्हाईक म्हणजे पंचक्रोशीतले एक बागायतदार. त्यांच्यापाशी कानपूरच्या सरकारी कारखान्यातले ·३२ चे सहाबारी रिव्हॉल्व्हर होते, वेब्लीच्या जुन्या घडणीवर बेतलेले, माथ्यावरची कळ दाबली की मध्यावर मोडून उघडणारे. काकांनी प्रथम परवाना मागितला. तो वाचता येण्याइतका चष्मा त्यांच्यापाशी नव्हता हे खरे. पण कागदावरचा शिक्का आणि छायाचित्र त्यांनी मामलेदाराच्या गांभीर्याने पाहिले. मग बागायतदारांनी हत्यार मोडून सहाही घरे रिकामी असल्याचे दाखवले, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ते आडवे ठेवले, आणि काकांनी त्याला बोटही न लावता शिसपेन्सिलीने त्याची कडा गिरवून घेतली. जाडी मात्र दोऱ्याने मोजली: चक्राभोवती एक वेढा, नळीभोवती एक, मुठीच्या गळ्याशी एक, प्रत्येक वेढ्याला दोऱ्यावर एक गाठ.

“आता घेऊन जा,” काका म्हणाले. “बंदूक तुमच्यापाशी, लाकूड माझ्यापाशी.”

या वाक्याचा अर्थ फळीवर पाहिल्यावर कळला. चपलांच्या लाकडी साच्यांच्या शेजारी शिवणीच्या लाकडाची तीन हत्यारे ठेवलेली होती: एक ह्याच कानपुरी घाटाचे, एक जुन्या दांडग्या वेब्लीचे आणि एक चपट्या पिस्तुलाचे. परवान्यावाचून हत्यार जवळ बाळगणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे. बंदुका दुरुस्त करणाऱ्यालाही त्यासाठी निराळा परवाना काढावा लागतो, आणि चामड्याचे काम करणाऱ्याला तो कोण देणार? म्हणून ज्या वस्तूचे घर बांधावयाचे ती वस्तू एक रात्रसुद्धा ठेल्यात राहू शकत नाही, आणि ओले कातडे तर रात्रभर त्या वस्तूला बिलगून राहिल्याखेरीज तिचा आकार घेत नाही. ह्या पेचातून काकांच्या वडिलांनी काढलेली वाट म्हणजे ही लाकडी रिव्हॉल्व्हरे. लॉर्ड लिटनच्या अमदानीत, १८७८ साली, जो शस्त्रकायदा झाला त्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना मोकळीक ठेवली. तेव्हापासून कचेरीतल्या कागदांचे रंग आणि नमुने बदलत गेले, तरी म्यान घडवणाऱ्याच्या वाट्याला आलेले लाकूड मात्र लाकूडच राहिले.

शिवणीचे लाकूड घेण्याचे कारण ते हलके, मऊ व रेषेत सरळ असून वाळल्यावर फारसे पिळवटत नाही हे होय. दोऱ्यावरच्या गाठी लाकडाला लावून पाहता मुठीच्या गळ्याशी नखाएवढा फरक निघाला. काकांनी तेथे चामड्याची एक चकती चिकटवली आणि जुनेच लाकूड नव्या हत्याराचे झाले. दांडग्या वेब्लीच्या लाकडाकडे मी निरखून पाहिले, तेव्हा चक्राच्या पुढे नळीच्या दोन्ही अंगांना माशाच्या कल्ल्यासारखे दोन उंचवटे कोरलेले दिसले. हे नसते लाड नव्हेत. मूळच्या वेब्लीतही ते तसेच आहेत, आणि त्यांचे प्रयोजन एवढेच, की हत्यार म्यानात सरकताना चक्राची धार चामड्याच्या काठाला अडू नये. बर्मिंगहॅममधल्या लोहाराने चर्मकाराची एवढी आठवण ठेवली याचे मला अप्रूप वाटले.

कातडे धारावीहून येते. काका वर्षातून एकदा जातात, पाठीचा भाग निवडून आणतात, कारण पोटाकडचे कातडे सैल असते आणि ओले झाले की कुठेही ताणते. ते म्हशीचे असते. त्याची वीण गाईबैलाच्या कातड्याहून जरा मोकळी, पण जाडीला ते उदार. परदेशी कारागीर जाडी औंसांत सांगतात, एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, आणि कव्हराला आठनऊ औंसांचे, म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटरांचे कातडे घेतात. काका तेच माप कातड्याची कड अंगठ्याच्या नखाशी धरून सांगतात. मात्र एका बाबतीत ते कोणाचे ऐकत नाहीत. कातडे सालीने कमावलेले हवे. कोल्हापुराकडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या काढ्यात, कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगून, सावकाश कातडे कमावण्याची जी रीत आहे तिच्यातून निघालेले कातडे घट्ट, तांबूस आणि आकार लक्षात ठेवणारे असते. क्रोमच्या क्षारांनी झटपट कमावलेले कातडे मऊ व देखणे खरे, परंतु ओले करून दाबले तरी वाळताच पूर्ववत होते, आणि त्यात राहिलेले क्षार दमट हवेत पोलादाला गंज चढवतात. सालीचे कातडेही अगदी निर्दोष नाही. काडतुसांचे पितळ त्याच्या सहवासात फार दिवस राहिले तर त्यावर हिरवा थर येतो. काका म्हणाले, “बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवल्यावाणी कळकतं.” पुस्तकात याहून नेमके वर्णन मला आढळलेले नाही.

मग कापणी. कागदाची कडा कातड्यावर उमटवून, शिवणीसाठी बोटभर जागा सोडून, रापी फिरली. रापी म्हणजे रुंद, अर्धचंद्राकृती पात्याचे हत्यार. ते ओढावयाचे नसते, तळहाताच्या जोराने पुढे लोटावयाचे असते, आणि म्हणून हत्याराच्या पुढे आपले बोट कधीही असू नये हा ह्या धंद्यातला पहिला धडा. त्याच रापीने काकांनी आतल्या बाजूने कडा तासल्या, जेणेकरून दोन पदर एकत्र आले असता तेथे गाठोडे होऊ नये. टाक्यांच्या जागा आखण्यासाठी त्यांच्यापाशी एक फिरकी आहे: कोणत्याशा मोडक्या गजराच्या घड्याळातले दातेरी चक्र लाकडी दांड्यात बसवलेले. ती ओळीवरून फिरवली की इंचाला सात ठिपके पडतात. बाजारात ह्या कामाची देखणी आयती फिरकी मिळते. घड्याळाचे चक्र अधिक खरे बोलते, असे काकांचे म्हणणे.

आरीविषयी मात्र ते हळवे आहेत. तिचे टोक गोल नसून शंकरपाळ्याच्या आकाराचे असते. भोके एकाच कलाने, तिरपी पडली पाहिजेत, तरच टाके पुढे ओळीने झुकलेले दिसतात आणि दोन भोकांमधला चामड्याचा बांध शाबूत राहतो. दोरा मेणात ओढला जातो. हे मेण कातकरी वाडीवरून येते, आणि पकड येण्यासाठी त्यात थोडी राळ मिसळतात. पूर्वी दोऱ्याच्या टोकाला सुईऐवजी डुकराचा राठ केस वळून बसवत. तो भोकातून वाकडातिकडाही निघतो आणि चामड्याला जखम करीत नाही. आता दोन सुया आहेत, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात, आणि दोन्ही हात कोंबड्याने पंख पसरावे तसे एकदम बाजूला होतात. यंत्राच्या शिवणीत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात, एक झिजला की ओळ उसवत जाते. येथे एक फेरा तुटला तरी दुसरा तग धरतो. साठबासष्ट टाक्यांना काकांना दीड तास लागला, आणि त्या दीड तासात त्यांनी माझ्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

पट्ट्यात अडकवण्याचा फासा त्याआधीच पाठीला शिवलेला होता. तो कोणत्या कलाने बसवावा ह्यावर हत्यार हाताला येते की नाही हे अवलंबून असते. आमच्या भागात लाकूडतोड्या किंवा कातकरी कोयता कमरेच्या मागे आकडीत अडकवतो. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे असावेत आणि न पाहता उजवा हात नेमका मुठीवर जावा हा तिचा हिशेब, आणि काकांनी फासा बेतला तो त्याच हिशेबाने. अशा हिशेबातूनच एका इंग्रज अधिकाऱ्याचे नाव जगभरच्या कमरपट्ट्यांवर चढले. सॅम्युअल ब्राउन याचा डावा हात १८५८ साली पिलीभीतनजीकच्या लढाईत गेला. म्यान धरावयास हातच नसल्याने तलवार उपसणे दुर्घट झाले, तेव्हा त्याने उजव्या खांद्यावरून तिरपा जाणारा बंद पट्ट्याला जोडून ओझे स्थिर केले. तोच बंद पुढे लष्करात व पोलिसांत अधिकाराची खूण ठरला. रोह्याला दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना होते, ती पाहायला काकाही जातात. लोक देवाकडे पाहतात आणि हे गृहस्थ शिपायांच्या कमरेकडे. कोणाच्या पट्ट्याची कड घासून चकचकीत केलेली आहे आणि कोणाची तशीच पिंजलेली, हे परत येताना ते मला सांगू लागले तेव्हा देवदर्शनाचा तपशील त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

शिवलेले कव्हर कुंडीत बुडाले आणि त्यातून बुडबुडे येऊ लागले. ते थांबेपर्यंत थांबावयाचे, अधिक नाही. पाणी नळाचे, म्हणजे कुंडलिकेचे. आणि कुंडलिकेला बारमाही करणारे पाणी भिऱ्याच्या १९२७ सालच्या वीजघरातून उतरते, ते मुळशीच्या त्याच धरणाचे, ज्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह मांडला होता. कुंडीतल्या पाण्याला त्याचे काय! काकांनी कव्हर बाहेर काढून ओल्या धडप्यात गुंडाळले, तासभर मुरू दिले, लाकडी रिव्हॉल्व्हरला मेणकापडाचा एक पदर लपेटून ते आत सारले, आणि मग म्हशीच्या शिंगाची, तुळतुळीत घासलेली पट्टी हातात घेतली.

ह्यापुढची अर्धी घटका मला विसरता येणार नाही. शिंगाचे टोक चामड्यावरून दाबत, सरकत, परतत जाऊ लागले आणि त्या ओल्या तांबूस पिशवीतून हळूहळू चक्राची गोलाई वर आली, नळीची रेघ आली, चापाभोवतीच्या कड्याचा कमानदार ठसा उमटला. चापावर चामडे कोठेही पातळ राहता कामा नये, बाहेरून बोट लागले तरी तो हलता कामा नये, ह्यासाठी तेथे काका दोनदा फिरले. जी वस्तू सकाळी दहा मिनिटे नजरेसमोर होती आणि जिला त्यांनी स्पर्शही केला नव्हता, ती त्यांच्या अंगठ्याखाली जणू परत येत होती.

वाळवण सावलीत. उन्हात ठेवले तर कातडे तडकते आणि आखडून लाकडाला गच्च धरते. ह्या दिवसांत दोन दिवस पुरतात. पावसाळ्यात, जेथे तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस कोसळतो तेथे, आठवडा जातो आणि वर बुरशीही येते, म्हणून आषाढश्रावणात काका हे काम घेतच नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लाकूड उपसले, कडा हिराकसाच्या पाण्याने काळ्या केल्या (हिरड्याची शाई ज्या गुणाने काळी होते त्याच गुणाने सालीचे कातडेही होते), खैराच्या खाचेदार दांडक्याने त्या काचेसारख्या घासल्या, अंगावर मेण चोळले. तेल लावू दिले नाही. तेलाने चामडे मऊ पडते, आणि मऊ कव्हर म्हणजे, त्यांच्या शब्दांत, “भाकरीचं फडकं.”

बागायतदार दुपारी आले. त्यांनी पुन्हा सहाही घरे रिकामी करून दाखवली आणि रिव्हॉल्व्हर आत सरकवले. शेवटच्या बोटभर अंतरावर ते जरासे अडले आणि मग आपल्या जागी बसले. काकांनी टिचबटणाचा बंद लावू दिला नाही. कव्हर उलटे धरून हलवावयास सांगितले. हत्यार पडले नाही. मग एका ओढीत बाहेर काढावयास सांगितले, निघाले. तेव्हा कोठे बंद लागला. पावसाळ्यात हत्यार कव्हरात ठेवू नका, कोरड्या फडक्यात ठेवा, अशी ताकीद त्यांनी दिली. बागायतदार हसून म्हणाले, “पावसाळ्याचं सोडा, निवडणूक लागली की तसंही पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. मग हे खुंटीलाच.”

“असू दे खुंटीला,” काका म्हणाले. “आत कागद कोंबा, आकार जाईल नाहीतर.”

ते गेल्यावर काकांनी लाकडी रिव्हॉल्व्हरवरचे मेणकापड सोडवले, मुठीवरची चकती सोलून काढली, लाकूड धोतराच्या सोग्याने पुसून साच्यांच्या ओळीत ठेवले आणि ठेल्याचे दार पूर्ण उघडले. रोह्याची एस.टी. लागली होती. डाव्या पायातली चप्पल हातात घेऊन एक बाई केव्हाची उभी होती.

“काका, अंगठा तेवढा शिवून द्या, गाडी सुटते.”

काकांनी आरी उचलली.