लहान बॅटरी न बोलता संपते
गाडी आणि आपण : भाग ७

गेल्या मे महिन्यात अकोल्याला नात्यातल्या काका-काकूंकडे मुक्कामी होतो. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीत, त्यानं आई-वडिलांसाठी हायब्रिड गाडी घेऊन दिलेली. वीस दिवस ती शेडखाली उभी. ऊन तापायच्या आत अमरावती गाठायची म्हणून सकाळी सहालाच निघालो, तर दार उघडेना. रिमोटच्या आतली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, बटण दाबलं, समोरचे दिवे लुकलुकले आणि विझले. काकांचा चेहरा उतरला. महागडी मोठी बॅटरीच गेली असं त्यांना वाटलं. मेकॅनिक आला, मीटर लावला तर आकडा ९.८. म्हणाला, "काकाजी, मोठीले काई झालं नाई. ह्या लहानीनं दगा देल्ला."

मागच्या भागात पाहिलेली, गाडीची मोटर चालवणारी मोठी बॅटरी गाडी बंद असताना सुरक्षेसाठी रिलेनं तोडून ठेवलेली असते. ते रिले जोडायचे तर गाडीतला कॉम्प्युटर आधी जागा व्हावा लागतो, आणि त्याला वीज मिळते ती या बारा व्होल्टच्या साध्या बॅटरीतून. दारांची कुलुपं आणि दिवेही तिच्यावरच. मोठ्या बॅटरीत भरपूर वीज असली, तरी लहानी झोपली की ती वीज गाडीला मिळत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत बॅटरी थकली की सेल मारताना आवाज जड होतो, इंजिन घरघरत उठतं. आपण समजतो, आता बदलायला झाली. स्ट्राँग हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. लहानीवर तसला भार कधी येतच नाही, त्यामुळे ती अर्धी मेली तरी गाडी रोज मुकाट्यानं चालू होते आणि मग एके दिवशी होत नाही. म्हणून इथं कानावर भरवसा ठेवून चालत नाही, मीटरच लावावा लागतो.

आपल्या वऱ्हाडात तर हे जास्तच जपायला हवं. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून अधिक. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतल्या झिजेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. थंड मुलखात पाच वर्षं टिकणारी बॅटरी आपल्याकडे तिसऱ्या उन्हाळ्यातच थकू शकते. तेव्हा तिसऱ्या उन्हाळ्याआधीपासूनच दर फेब्रुवारीत तपासणी करा.

घरचा साधा डिजिटल मीटर चालतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजा, कारण नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीत आकडा फुगीर दिसतो. १२.६ किंवा त्याहून वर म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. बाराच्या खाली गेली तर तातडीनं चार्ज करा. मग गाडी चालू करून 'रेडी'चा दिवा लागल्यावर मोजा, साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा हवा. तसा नसेल तर दोष चार्जिंगकडे असू शकतो आणि मग नवी बॅटरी टाकली तरी तीही संपेल. मात्र आकडा चांगला दिसूनही बॅटरी आतून पोकळ असू शकते, त्यासाठी दुकानात लोड टेस्ट करून घ्या.

आठवड्याला अकोला-अमरावती एक फेरी होत असेल तर लहानीची काळजी नाही. गाडी नुसती उभीच राहत असेल तर आठवड्यातून एकदा तासभर रेडीत ठेवा. पण शटर बंद करून कधीच नाही. रेडीत इंजिन आपोआप सुरू होतं आणि बंद खोलीत त्याचा धूर जीव घेतो. किल्लीही गाडीजवळच्या खुंटीवर टांगू नका. ती जवळ असली की काही गाड्या पुन्हापुन्हा जाग्या होतात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर गाडी बंद करून, ऋण तार सोडवून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून टर्मिनल कोरडं करा. बॅटरीला झाकणं असतील तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच. आपला खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तिथं विष आहे, आणि आरओचंही चालत नाही.

बदलताना माप, टर्मिनलची बाजू आणि जात तीच ठेवा. कंपनीनं एजीएम दिली असेल तर एजीएमच. काही गाड्यांत ही बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीत असते. तिथं वायू बाहेर नेणारी बारीक नळी असेल तर ती परत जोडली का, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. घाईत ती हमखास राहते. हातातली अंगठी काढा, गाडी पूर्ण बंद करा. ऋण तार आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी तारांना मात्र हात लावायचा नाही. जुनी बॅटरी भंगारात न देता दुकानातच परत द्या. शिसं तिथून पुनर्वापराला जातं, आणि २०२२च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

काकांच्या गाडीला दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन आम्ही आठाला निघालो. हायब्रिडवरून दुसऱ्याची डिझेल गाडी मात्र उठवायला जाऊ नका, लहानीला चार्ज करणारा कन्व्हर्टर जळू शकतो. काकूंनी तेवढ्या वेळात रिमोटमधली लोखंडी किल्ली तीनदा काढून-लावून पाहिली. तुम्हीही आजच पाहा. अंधारात ती सापडेपर्यंत घाम फुटतो.