तळ्याभोवतीची फेरी आणि मांडीवरचे वर्तुळ

गेल्या सप्टेंबरात एक काकू दवाखान्यात आल्या. मांडीच्या मागे तळहाताएवढे लाल वर्तुळ, मध्ये थोडे फिकट. मी नायटा समजून मलम दिले. खाज नाही म्हणाल्या, तिकडे लक्षच दिले नाही. आठ दिवसांनी वर्तुळ दुप्पट झाले, अंगात कसकसही होती. तेव्हा कुठे विचारले, "काकू, मध्यंतरी परगावी गेला होतात का?"

"अहो, मुलाकडे ॲबरडीनला होते! परत येऊन तीन आठवडेच झाले."

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनपासून साधारण ६० किलोमीटरवर म्युअर ऑफ डिनेट हे राखीव निसर्गक्षेत्र आहे. तिथे लॉख किनॉर्ड हे तळे आहे. लॉख म्हणजे तळे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचे प्रचंड तुकडे वितळून ते तयार झाले. भोवती सुमारे ६ किलोमीटरची, फारसा चढ नसलेली पायवाट आहे. बर्चची झाडी, वाटेत क्रॉस कोरलेली प्राचीन शिळा. रमतगमत दोन तास लागतात. मधुमेह, रक्तदाबवाल्यांना असे चालणे चांगलेच. फक्त गोल फेरीत अर्ध्यावर गुडघा धरला, तर पुढे गेले काय नि मागे फिरले काय, अंतर तेवढेच! म्हणून पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्येच आपला दम ओळखावा.

काकूंचे गुडघे ठणठणीत. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी फेरी पुरी केली आणि डबा खायला गवतात बसल्या. तिथल्या गवतात, नेच्यात गोचिडी असतात. काहींच्या चाव्यातून लाइम आजाराचे जंतू शरीरात जातात. चावा दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. वर्तुळ बहुधा ३ ते ३० दिवसांत उठते व पसरत जाते. काहींना उठतच नाही. ठरावीक वर्तुळ दिसले तर रक्ततपासणीसाठी थांबू नये. उपचार राहिले तर सांधे, मज्जातंतू, क्वचित हृदयावर परिणाम होतो. काकूंना डॉक्सिसायक्लिन तीन आठवडे दिले, त्या बऱ्या झाल्या. (हे औषध मनाने घेऊ नये.)

फिरून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा तपासावी. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल, उदबत्तीचा चटका हे घरगुती प्रयोग नकोत. आणि परदेशातून आल्यावर अंगावर काही उठले, तर कुठे गेला होतात ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

काकू मे महिन्यात पुन्हा निघाल्या आहेत. यंदा साडीऐवजी सलवार, आणि पायमोजे सलवारीवर चढवून, असे सुनेने फोनवर बजावले आहे म्हणे.