दुरुस्तीला आलेले कारागीर आणि विषाणूचं काम

जेमतेम ८,००० अक्षरांची एक गोल कडी. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, याचा सगळा संसार एवढाच! आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात, हे लक्षात घेतलं की त्याचं दारिद्र्य कळतं. डीएनएच्या प्रती काढणारं पॉलिमरेज हे मूलभूत यंत्रसुद्धा त्याच्यापाशी नाही. मग तो हजारोंनी वाढतो तरी कसा?

गर्भाशयमुखाचं अस्तर थरांचं असतं. तळाच्या पेशी विभागत राहतात. वर सरकलेल्या पेशी विभागणं थांबवतात आणि डीएनएच्या प्रती काढणंही. विषाणू बारीकशा ओरखड्यातून तळाच्या पेशीत शिरतो आणि मोजक्या प्रती बाळगून मुकाट राहतो. दुसऱ्या माणसापर्यंत पोचायचं तर त्याला वरच्या थरात हजारो प्रती हव्यात. आणि नेमकं तिथेच पेशीने काम बंद केलेलं!

इथे त्याची करामत सुरू होते. त्याचं ई७ हे प्रथिन थांबलेल्या पेशीला पुन्हा कामाला लावतं. शिवाय विषाणू पेशीतली डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा जागी करतो. डीएनएचा धागा तुटला की एटीएम नावाचं प्रथिन इशारा देतं आणि दुरुस्तीची प्रथिनं धावत येतात. पण आता ती गोळा होतात विषाणूच्या कड्यांभोवती! एखाद्या गल्लीत पाइप फुटल्याची वर्दी जावी, महापालिकेची माणसं सामानासकट यावीत आणि वर्दी देणाऱ्याने त्यांच्याकडून आपल्याच घरावर मजले चढवून घ्यावेत, तसंच हे.

हे कशावरून? २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅरी मूडी आणि लैमोनिस लैमिन्स यांनी प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये एटीएमला रोखून पाहिलं. प्रौढ होत चाललेल्या पेशींत विषाणूचं भरमसाट वाढणं थांबलं. तळाच्या थरासारख्या पेशींतल्या मोजक्या प्रती मात्र तशाच राहिल्या! म्हणजे मुकाट राहायला इशाऱ्याची गरज नाही, पण वाढायला तो हवाच.

एक अडचण उरते. इशारा वाजत राहिला तर पेशीने थांबायला हवं, प्रसंगी स्वतःला संपवायलाही हवं. हा निर्णय घेणाऱ्या पी५३ नावाच्या प्रथिनाला विषाणूचं ई६ हे प्रथिन नष्ट करून टाकतं. कारागीर हजर, पण काम थांबवा म्हणणारा कुणी नाही. केवढी अचूक आखणी, आणि तीही कुणी न आखलेली!

बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्ती वर्ष-दोन वर्षांत हा संसर्ग हटवते. क्वचित तो ठाण मांडतो, आणि कधीकधी विषाणूची कडी तुटून आपल्याच गुणसूत्रात जोडली जाते. तो सांधाही आपलीच दुरुस्ती-यंत्रणा घालते! मग ई६ आणि ई७ बेलगाम चालतात, बिघाड साचत जातात आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. विषाणूचा यात काडीचाही फायदा नाही. त्या पेशीतून नवे विषाणू बाहेरच पडत नाहीत.

पण या वाटेला वर्षानुवर्षं लागतात आणि तेवढ्या काळात विषाणूचा डीएनए शोधता येतो. त्याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच मिळाला. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्येच प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची फक्त एकदा तपासणी ज्यांना देऊ केली, त्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. अशी तपासणी न दिलेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. एका तपासणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा!

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्ही लसही आता आहे. विषाणू पेशीत शिरण्याआधीच त्याला अडवायला ती शरीराला शिकवते. मुलींना लस आणि तिशी ओलांडलेल्या आई, मावशी, काकूंना तपासणी, एवढं आपण केलं तर या इवल्या कडीच्या हाती आपले कारागीर कशाला लागतील?