घाटात ब्रेक का सुटतात?

परळी वैजनाथच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. गाडी जुनी मॅटाडोर, चारही चाकांना ड्रम. अंबाजोगाईहून माल भरून बालाघाट उतरताना पॅडल खाली खाली जातं. गॅरेजवाला म्हणतो, पुढे डिस्क बसवा, गाडी निम्म्या अंतरात थांबेल. बसवावी का?

आधी हिशोब मांडू. मालासकट अडीच टनांची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, की ब्रेकमध्ये साधारण साडेतीन लाख ज्यूल उष्णता निघते. तीच गाडी केवळ ब्रेकच्या जोरावर, एकाच वेगानं १०० मीटर उंची उतरली, तर निघते साडेचोवीस लाख. म्हणजे मध्ये जराही थंड होऊ न देता ६०वरून सात वेळा थांबवल्यासारखं! ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब सरकतो. तापलेल्या लायनरची पकडही घटते. डिस्क उघड्या वाऱ्यावर असते आणि फुगते ती पॅडच्या दिशेनं. घाटात डिस्क सरस, यात वाद नाही.

पण ‘निम्म्या अंतरात’ हे मला पटत नाही. धडधाकट ड्रमसुद्धा थंड असताना चाक जाम करू शकतो. त्यापुढचं अंतर टायर आणि रस्ता ठरवतात.

ब्रेक सुधारण्याची माझी सर्वांत आवडती गोष्ट १८८८ची आहे. कार्ल बेंझला न सांगता त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन त्याच्या मोटारीतून मानहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा तिनं वाटेत चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनरचा हा पूर्वज! मोटारीच्या इतिहासात पेटंट कार्लच्या नावे आहे. पण कार्लच्या कारखान्यात तिच्या माहेरचा पैसा होता आणि त्या यंत्राची खरी रस्त्यावरची परीक्षा तिनंच घेतली. तिला केवळ ‘पहिली महिला चालक’ म्हणून आटोपणं मला अन्यायाचं वाटतं.

आता परळीच्या मॅटाडोरकडे. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानं स्वतःच आत ओढला जातो, म्हणून पायाला कमी जोर पुरतो. डिस्कला ही मदत नाही. तिला बूस्टर लागतो, मापाचा मास्टर सिलिंडर लागतो. पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ चुकला आणि मागची चाकं आधी जाम झाली, तर गाडी आडवी फिरते. भंगारातून दुसऱ्या गाडीचे सुटे भाग आणून हा मेळ अंदाजानं बसत नाही. शिवाय मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. अंबाजोगाईच्या आरटीओत आधी विचारावं.

खरा संशय मला ब्रेक ऑइलचा आहे. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी १४० अंशांवर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पॅडल तळाला टेकतं. म्हणून आधी सगळं ऑइल बदलून एअर काढा, होज पाइप आणि व्हील सिलिंडर तपासा, चांगल्या प्रतीचे लायनर घाला, ड्रम झिजला असेल तर बदला. डिस्कचा विचार त्यानंतर.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका. दुसऱ्या गिअरमध्ये त्या साडेचोवीस लाखांतला मोठा वाटा इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये तो सगळा ड्रमवर येतो.