विश्लेषण : काठावरून बास मासेमारीसाठी एकच रॉड घ्यायचा, तर कोणता?

अमेरिकेत वसंत ऋतूत तळ्यांचे पाणी तापू लागले की लार्जमाउथ बास हा मासा अंडी घालण्यासाठी उथळ पाण्यात येतो. मग बोट नसलेल्यालाही काठावर उभे राहून तो पकडता येतो. टेक्साससारख्या राज्यांत हा सुटीच्या दिवशीचा लोकप्रिय छंद आहे आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो सहज जमण्यासारखा आहे. अडचण येते ती दुकानात. बोटीवरचा मच्छीमार प्रत्येक आमिषासाठी वेगळा असे पाच-सहा रॉड सोबत ठेवू शकतो. काठावरून चालणाऱ्याच्या हातात मात्र एकच असतो. तो चुकला तर पैसे जातातच, शिवाय गळाला लागलेला मासा दोरा तोडून तोंडात गळ घेऊन निघून जातो. त्यामुळे ही निवड विचारपूर्वक करावी लागते.

बेटकास्टिंग रॉड वेगळा कसा?

नवशिक्याला सहसा स्पिनिंग रॉड दिला जातो. त्यात रीळ दांड्याच्या खाली लटकते आणि फेकताना ते फिरत नाही. दोरा त्याच्यावरून नुसता सुटत जातो. बेटकास्टिंगमध्ये रीळ दांड्याच्या वर बसते, दोऱ्याच्या कड्याही वरच्या बाजूला असतात आणि आमिष फेकताना रीळ स्वतः फिरते. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकी राज्यातील घड्याळजींनी घडवलेली रिळे ही या पद्धतीची पूर्वज मानली जातात. रीळ अंगठ्याने दाबून आमिष हवे तिथे थांबवता येते आणि जाड दोरा वापरता येतो, हे तिचे मुख्य फायदे. पतंगाला ढील देताना फिरकी दोऱ्यापेक्षा वेगाने फिरली की जसा गुंता होतो, तसाच तो येथेही होतो. तो टाळण्याचे कसब अंगठ्यात असते आणि ते सरावानेच येते.

‘पॉवर’ आणि ‘ॲक्शन’ म्हणजे काय?

रॉडवर छापलेल्या या दोन शब्दांची अनेकदा गल्लत होते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. त्याचे लाइट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी असे चढते प्रकार आहेत. ॲक्शन म्हणजे रॉड कुठून वाकतो ते. ‘फास्ट’ रॉड टोकाकडच्या साधारण एक तृतीयांश भागात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. ‘मॉडरेट’ रॉड मध्यापर्यंत वाकतो. फास्ट रॉडमध्ये हाताचा झटका गळापर्यंत लगेच पोहोचतो आणि माशाने आमिषाला तोंड लावल्याचे हाताला चटकन कळते.

मासा दोन पौंडांचा, मग दणकट रॉड कशाला?

लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे १० किलोंचा आहे. १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी तेवढ्या वजनाचा मासा पकडला. काठावर मिळणारे मासे मात्र बहुतेकदा एक ते तीन पौंडांचेच असतात. तरीही जाणकार मीडियम-हेवी रॉड सुचवतात, कारण खरा मुकाबला माशाच्या वजनाशी नसून तो ज्या ठिकाणी राहतो त्या ठिकाणाशी असतो.

आपल्याकडचा मरळ जसा पाणवनस्पतींच्या आड दबा धरून भक्ष्यावर झडप घालतो, तशीच बासचीही रीत आहे. गळ लागला की तो गवतात किंवा बुडालेल्या फांद्यांत शिरतो. बोटीवरचा माणूस बोट पुढे नेऊन त्याला सोडवू शकतो. काठावरच्याला ती सोय नाही. त्याला पहिल्या दोन-तीन क्षणांतच माशाचे तोंड आपल्याकडे वळवावे लागते. मऊ रॉड तेवढा जोर देत नाही.

दुसरे कारण आमिषाचे. काठावर गवतात अडकू नये म्हणून गळाचे टोक मऊ प्लॅस्टिकच्या किड्यात लपवून ठेवतात. ‘टेक्सास रिग’ म्हणतात ती हीच पद्धत. ते टोक प्लॅस्टिक भेदून माशाच्या जबड्यात रुतायला जोरदार झटका लागतो.

लांबी किती असावी?

सात फूट हे सर्वांत सोयीचे माप. मोकळ्या काठावर थोडा लांब, सात फूट तीन इंचांचा रॉड चांगला. आमिष दूर जाते, काठच्या गवतावरून दोरा उंच धरता येतो आणि सैल पडलेला दोरा एका ओढीत ताणला जातो. मात्र मागे झाडी आणि डोक्यावर फांद्या असतील तर साडेसहा ते पावणेसात फुटांचा रॉडच कामाचा. म्हणून खरेदीआधी आपण नेहमी जाणार त्या काठावर उभे राहून एकदा मागे वळून पाहावे. दोन तुकड्यांचा रॉड गाडीत सहज मावतो. एकसंध रॉड नेताना टोक जपावे लागते.

रॉडवरचे आकडे कसे वाचायचे?

मुठीच्या वर आमिषाचे वजन औंसांत आणि दोऱ्याची ताकद पौंडांत छापलेली असते. सर्व कामांच्या रॉडवर आमिषासाठी पाव ते पाऊण किंवा पाव ते एक औंस, म्हणजे साधारण ७ ते २१ किंवा २८ ग्रॅम, आणि दोऱ्यासाठी १२ ते २० पौंडांच्या आसपासचे आकडे असावेत. टेक्सास रिग, स्पिनरबेट, जिग आणि लहान बेडकासारखे तरंगते आमिष ही काठावरची नेहमीची आमिषे या मर्यादेत येतात.

तडजोड कुठे करावी लागते?

दोन ठिकाणी. पाव औंसाहून हलकी आमिषे या रॉडने नीट फेकली जात नाहीत. रीळ फिरवायला लागणारे वजनच त्यांच्यात नसते. त्या कामाला स्पिनिंग रॉडच बरा. दुसरी अडचण क्रँकबेटची. त्याला बारीक तिहेरी गळ असतात आणि ताठ रॉडच्या ओढीने ते माशाच्या तोंडातून निसटतात. अशा वेळी थोडा ताणला जाणारा मोनोफिलामेंट दोरा वापरावा आणि रिळाचा ड्रॅग किंचित सैल ठेवावा.

रीळ, दोरा आणि खर्चाचे काय?

नवशिक्याने १२ ते १५ पौंडी मोनोफिलामेंटने सुरुवात करावी. तो स्वस्त असतो, त्यामुळे गुंता झाला तर कापून टाकताना जीव हळहळत नाही. हात बसल्यावर दाट गवतासाठी ३० ते ४० पौंडी विणलेला दोरा घ्यावा. रिळाचा ताण असा लावावा की अंगठा उचलल्यावर आमिष सावकाश खाली येईल आणि जमिनीला टेकताच रीळ थांबेल. पैशांची विभागणी करताना रिळात हात आखडता घेऊ नये. चांगले ब्रेक असलेले रीळ शिकणाऱ्याचा बराच त्रास वाचवते.

ग्रॅफाइटचे रॉड हलके आणि संवेदनशील, पण ठिसूळ असतात. काठावर ते बहुधा एकाच चुकीने मोडतात : मासा उचलून घेताना रॉड सरळ उभा धरला जातो आणि सगळा भार टोकावर येतो. मासा पायाशी आला की रॉड खाली करून त्याला हाताने धरावे.

नियम काय सांगतात?

परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा असतो. टेक्सासमध्ये १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना तो सर्वसाधारणपणे लागतो, पण तेथील स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासे पकडण्यासाठी लागत नाही. लार्जमाउथ बाससाठी त्या राज्याचा सर्वसाधारण नियम दिवसाला पाच मासे आणि किमान १४ इंच लांबी असा आहे. काही तलावांचे नियम वेगळे असल्याने ते आधी पाहून घ्यावेत. तुटलेला दोरा पाण्यात टाकू नये, त्यात पक्षी अडकतात.

थोडक्यात, सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट ॲक्शनचा रॉड काठावरची बहुतेक कामे करतो. सर्वांत हलकी आमिषे त्याला जमत नाहीत. पण गवतात शिरलेला मासा बाहेर काढायचा असेल, तर हीच तडजोड उपयोगी पडते.